डोकं खिशात, धड इंजिनात

मी एक बोल्ट बोलतोय. 'एक' म्हणायची सवय आहे म्हणून म्हटलं. खरं तर मी आता दोन आहे. मध्यंतरी काही काळ माझं डोकं एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि उरलेलं धड एका छोट्या गाडीच्या इंजिनात. खिशात काय चाललंय ते धडाला कळायचं, आणि इंजिनापाशी कोण येऊन उभं राहिलंय ते डोक्याला. कसं, ते मला विचारू नका. अख्खा होतो तेव्हा मला एवढं ऐकू येत नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे कुणाला लाडाने वाढवत नाहीत. जाड तारेचा एक तुकडा कापला, एका दाबात त्याला डोकं काढलं, दोन खरबरीत पाट्यांमध्ये लोळवलं आणि अंगावर आटे उठले. झालो मी मोठा. डोक्यावर एक आकडा उमटवला, मी किती ताण सोसेन त्याचा. माणसांच्या कपाळावर असं काही छापलेलं नसतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अंदाजाने चालतं आणि अंदाज चुकतो.

दुकानातल्या खोक्यातून मला मिस्त्रीच्या मुलाने उचललं. त्याने खोक्यातले बरेच बोल्ट बोटांत फिरवून पाहिले, तोंडं वाकडी केली, आणि मला घेतलं. स्थळं पाहायला आल्यासारखा वाटला. दुकानदार म्हणालाही, "सगळे एकाच साच्यातले आहेत रे बाबा." तो म्हणाला, "असू देत. घरच्या गाडीला लावायचाय."

घरची गाडी म्हणजे त्याने बायकोसाठी उभी केलेली गाडी. लग्न नवं होतं. भंगारात निघालेला सांगाडा त्याने आणला होता आणि गिऱ्हाइकांची कामं उरकली की त्यातच डोकं घालून बसायचा. गॅरेजच्या मागेच घर, मध्ये एक दार. ती त्या दाराने यायची, उलट्या घातलेल्या डब्यावर बसायची आणि हत्यारं हातात द्यायचं काम करायची. बोलायची कमी. पण बोलली की समोरच्याचा हात थांबायचा.

"बाराचा पाना दे."

तिने दिला.

"हा चौदाचा आहे."

"दोनने काय होतंय?"

"नवीन आहेस म्हणून बोलत नाही."

"बोलतोयस की."

इंजिनात फिरून तापलेलं पाणी जिथून रबरी पाइपात शिरतं, त्या तोंडावर तळहाताएवढं झाकण असतं. ते दोन बोल्टांनी धरायचं. उजवीकडे एक जुना बोल्ट होता, मुका, डावीकडे मी. मी पोलादाचा, आणि ज्या भोकात मी बसायचो ते माझं घर ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम मऊ असतं. नीट सांभाळून घेतलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. कुणी जास्त जोर केला की मग एक तर घराचे आटे जातात, नाही तर येणाऱ्याची मान.

मुलाने मला आधी बोटांनीच आत फिरवलं, जाईन तिथवर. मग पाना लावला. शेवटी मनगटाचा एक छोटा हिसका दिला आणि हात सोडला. त्या सोडण्यात मला फार बरं वाटलं. मी घट्ट बसलो होतो आणि मला कुठेही दुखत नव्हतं.

मग पाइपावरची क्लिप आवळताना तिचा स्क्रू निसटला, निकामी झाला. "थांब, नवी घेऊन आलोच," असं तिला म्हणून त्याने हात चिंधीला पुसले आणि मोटरसायकल काढली. ती म्हणाली, "येताना साखर आण."

चौकात एक ट्रक मागे येत होता. ट्रकवाल्याला तो दिसला नाही.

त्यानंतर घरात माणसं भरली आणि ओसरली. गाडीचं बोनेट तसंच उघडं राहिलं. खुंटीवर त्याचे कामाचे कपडे होते, तेलाने कडक झालेले. आत कुणी नसताना कोपरात वाकलेले. वारा आला तरी ते हलत नसत. पुढे गॅरेजमध्ये येणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आणि माझ्यात त्याच्या हाताची ऊब राहिली होती. लोखंड लगेच गार पडतं, हे मला शिकवायला नको. तरी राहिली होती.

गॅरेज पुन्हा उघडलं त्या दिवशी मिस्त्री सरळ गाडीपाशी आला. क्लिप बसवली, पाइप जोडला. मग बाराचा पाना घेतला आणि माझ्यावर ठेवला. मुलाचं शेवटचं काम एकदा तपासायचं, एवढाच त्याचा हेतू. त्याने हलका पीळ दिला. मी हललो नाही. त्याने मान डोलावली आणि पाना ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा पाना लावला. तिसऱ्या दिवशीही. दिवसाचं कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी तो माझ्याकडे यायचा. काही माणसं उठल्याबरोबर देव्हाऱ्यापाशी जातात, तसा. पाना डोक्यावर बसताना 'टक' व्हायचं. मधल्या दारापलीकडे भांडी घासणाऱ्या सुनेचा हात त्या आवाजासरशी थांबायचा. बापलेकाची पाना ठेवायची पद्धत एकच होती. क्षणभर तिला वाटायचं ते वाटायचं, मग नळ पुन्हा सुरू व्हायचा. ती दारात येऊन कधी खात्री करून घेत नसे. मला वाटतं, खात्री करून घेतली तर ते क्षणभरसुद्धा मिळालं नसतं.

माणसांना वाटतं की पोलाद ताणलं जात नाही. जातं. रोज थोडा पीळ बसला की एक दिवस आतून काहीतरी सुटतं, आणि मग बोल्ट आवळला जात नाही, नुसता लांबत जातो. हाताला मात्र तो सैल लागतो. म्हणून हात आणखी पिळतो. हे त्या मिस्त्रीने मुलाला शिकवलं होतं, कानाला धरून शिकवलं होतं. स्वतःच्या वेळी त्याला ते आठवलं नाही.

"सैल लागतोय," तो एका सकाळी म्हणाला.

सून चहा घेऊन आली होती. "बाबा, तो कुठे पळून जात नाहीये."

"अगं, खरंच सैल आहे."

"कालही सैलच होता."

"तेच तर म्हणतोय. रोज सैल होतोय." मग हळू आवाजात, चहाच्या कपात बघत, "पोराने घाई केली शेवटी. लक्ष नव्हतं त्याचं."

तिने कप परत घेतला. चहा अर्धा होता, पण तिने घेतला.

त्याच सुमाराला तिला नोकरीचं बोलावणं आलं. ती रक्त तपासायचं शिकलेली होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जागा निघाली होती. दवाखाना वस्तीपासून लांब, तिथवर बस जात नव्हती. गाडी असेल तरच जमणार. गाडी तर होती, तिच्याचसाठी उभी केलेली, आणि चालवायलाही नवऱ्याने तिला शिकवलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला जागा मिळणार होती.

"जा की," मिस्त्री म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? पण हा बोल्ट बसू दे. वाटेत झाकण सुटलं, पाणी गळलं, इंजिन तापलं, तर घाटात काय करशील?"

"दुसरा बोल्ट लावू."

"दुसरा कशाला? हा त्याने निवडून आणलाय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला खरंच घाटाची भीती वाटत होती. पण आणखी एका गोष्टीचीही वाटत होती, आणि ती गोष्ट त्याच्या पिळात मला रोज कळायची. गाडी गेली की सून जाणार. सून गेली की मधल्या दारापलीकडे नळ वाजणार नाही. जोवर मी सैल होतो, तोवर सगळं जागच्या जागी होतं.

आणि मग एका सकाळी मी तुटलो.

फार आवाज झाला नाही. पाना एकदम हलका झाला आणि म्हातारा तोल जाऊन बोनेटच्या दांडीवर आपटला. माझं डोकं पान्यात राहिलं. तो कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला, आपण कुणाचं काय तोडलं ते न कळल्यासारखा. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. मला खिशात टाकलं. बोनेट मिटलं. मुलाने उघडून ठेवलेलं बोनेट त्या दिवशी पहिल्यांदा मिटलं.

"झालं का हो बाबा?" सुनेने आतून विचारलं.

"पार्ट यायचाय," तो म्हणाला. "मिळत नाहीये सध्या."

आयुष्यभर गिऱ्हाइकांना न मारलेली थाप त्याने सुनेला मारली, आणि तीही इतकी वाईट की कुणीही ओळखावी.

खिशात मी त्याच्या छातीशी होतो. अंगठा सतत माझ्यावरून फिरायचा. जेवतानाही डावा हात खिशात. आणि इकडे इंजिनात, अंधारात, माझं धड झाकणाखाली अडकलं होतं. वर डोकं नाही, म्हणजे कुणाच्या हाताला पकडायला काही नाही. माझ्या घरातही मी परका होतो आणि घर सोडून जाताही येत नव्हतं.

दुपारी म्हातारा आडवा झाला तशी ती आली. बोनेट उघडून डावीकडे बोट फिरवलं. जिथे डोकं असायला हवं तिथे खडबडीत तोंड होतं. ते तिच्या बोटाला लागलं. तिने बोट तोंडात घातलं आणि ती तशीच शेजारच्या लेथवर गेली.

लेथवर लोखंड कातणारा तिथला टर्नर मिस्त्रीचा जुना दोस्त. लेथच्या आवाजात जन्म गेल्यामुळे तो गुपितंही ओरडून सांगायचा. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, शेंगा मोडल्यासारखे बोल्ट मोडतोस म्हणे!"

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. ती फडक्याने गाडीची काच पुसत होती. काच स्वच्छच होती.

"तो राहू दे आत," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"बोल्ट."

"आत ठेवून काय त्याला पेन्शन द्यायचीय? झाकण एका बोल्टावर राहत नाही, हे मी तुला सांगू?"

"ड्रिल लावलंस तर पोराचं हातकाम जाईल."

टर्नरने पिशवी जमिनीवर ठेवली. खुंटीवरच्या कपड्यांकडे पाहिलं आणि मान वळवली.

सून पुढे आली. "बाबा," ती म्हणाली, "त्याने ही गाडी मला बघत बसायला नाही केली. रोज सकाळी तुम्ही पाना लावता. मला आत वाटतं, तोच आहे. मग मी भांडं विसळते. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. मला हे असं जन्मभर नाही जमणार." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुम्हालाही जमत नाहीये. परवा खाल्लेलं काय होतं, आठवतंय का?"

म्हाताऱ्याला आठवलं नाही.

"दिवा धर," अखेर तो टर्नरला म्हणाला, आणि मग, "नाही. तू कर. दिवा मी धरतो."

त्यांनी आधी माझ्याभोवती गंज सोडवायचं तेल सोडलं. मग गॅसची निळी ज्योत घराच्या कडेने फिरवली. ॲल्युमिनियम पटकन फुगतं, पोलाद सावकाश. तेवढ्या फटीत तेल शिरलं. मग माझ्या तुटक्या तोंडाच्या बरोबर मध्यावर टोच्याने एक खूण, आणि त्यावर ड्रिल.

दुखलं का? तुम्हाला विचारायचं असेल, म्हणून सांगतो. ड्रिल माझ्या आरपार उतरत होतं तेव्हा म्हाताऱ्याने हातातला दिवा माझ्या आणखी जवळ आणला. माझ्यातली ती ऊब ड्रिलच्या तापात मिसळली आणि कुठली कुणाची ते मला ओळखता येईना. तेवढंच दुखलं.

मग उलट्या आट्यांची सळई आत रुतवून टर्नरने मला उलटं फिरवलं. मी करकरत निघालो. एकटा निघालो नाही. माझ्या आट्यांत घराचे आटे गुंतले होते, चंदेरी चुऱ्यासारखे. मागे राहिलं ते नुसतं गुळगुळीत भोक.

"आटे गेले," टर्नर म्हणाला. "ठीक आहे. मोठं करून कॉइल बसवू." त्याने मला प्रकाशात धरलं आणि अचानक त्याचा आवाज खाली आला. मी त्याला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "डोकं कुठाय रे याचं?"

मिस्त्रीने खिशातून काढलं. टर्नरने दोन्ही तुकडे शेजारी धरले. जिथून मी तुटलो होतो तिथे मान बारीक झाली होती, ओढून लांबवलेल्या चिक्कीसारखी. सैल सुटलेल्या बोल्टाची मान अशी होत नाही. हे तिथल्या तिघांपैकी कुणाला सांगावं लागलं नाही.

म्हाताऱ्याने तुकडे हातात घेतले. नखाने मानेवरून खालीवर केलं.

"म्हणजे त्याने नीट बसवला होता," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"सैल नव्हता."

"नव्हता."

"आणि मी म्हणत होतो की पोराचं लक्ष नव्हतं." तो गाडीच्या चाकापाशी खालीच बसला. "रोज म्हणत होतो."

सूनही खाली बसली, त्याच्या शेजारी, तेलकट फरशीवर, चांगल्या साडीत. टर्नरने उगाचच पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

मग काम झालं. भोक थोडं मोठं केलं, टॅप फिरवून त्यात नवे आटे पाडले आणि स्प्रिंगसारखी पोलादी कॉइल त्यात बसवली. आता माझं घर पूर्वीपेक्षा मजबूत आहे. माझं राहिलेलं नाही एवढंच. टर्नरने नवा बोल्ट काढला. कुणी निवडला नव्हता. पिशवीत होता तो घेतला. मिस्त्रीने बाराचा पाना उचलला, हातात तोलला आणि सुनेपुढे धरला.

"तू आवळ. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"मला कळायचं नाही कुठे थांबायचं ते."

"मनगटाला कळेल."

तिने बोल्ट आधी बोटांनी आत फिरवला. मग पाना. एक पीळ, आणखी एक, आणि तिचा हात थांबला.

"अजून थोडा," म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

"नाही," ती म्हणाली आणि पाना खाली ठेवला.

इंजिन सुरू केलं. तापू दिलं. तिघेही त्या झाकणाकडे असे बघत होते, जणू आतून कुणी बोलणार आहे. एक थेंब आला नाही.

रविवारी सकाळी ती निघाली. मागच्या सीटवर एक गादी, दोन पिशव्या, एक कुकर. मिस्त्री खिडकीपाशी वाकून घाटात कुठल्या वळणावर गिअर बदलायचा ते सांगत होता. ती "हो बाबा" म्हणत होती, आणि ते सगळं तिला आधीच दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं होतं हे दोघांनाही माहीत होतं. गाडी वळली. म्हातारा बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा होता. मी त्याच्या खिशात होतो, दोन्ही तुकडे.

संध्याकाळी फोन आला.

"पोचले, बाबा. खोली बरी आहे. मालकीणबाई फार बोलतात."

"पाणी गळलं नाही ना?"

"नाही."

"बोनेट उघडून बोल्ट बघितलास?"

"नाही बघितला."

मग म्हातारा म्हणाला, "बरं केलंस. जेव आता," आणि फोन ठेवला.

आता मी इथे आहे, याच खिशात. माझं डोकं आणि माझं पोखरलेलं धड चालताना एकमेकांवर आपटतात. बारीक आवाज होतो. म्हातारा थबकतो आणि मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं, फक्त खुंटीवर वाकलेली कोपरं. तो आवाज मी करतो हे त्याला माहीत आहे. तरी वळतो. मलाही वाटतं की त्याने मला भंगारात टाकावं, भट्टीत जाऊ द्यावं. वितळलो तर पुन्हा तार होईन, कुणाच्या तरी गाडीला लागेन, आणि माझ्यात कुणाचाही हात उरणार नाही. पण हे त्याला कोण सांगणार? जी एकटी हे सांगू शकली असती, ती डोंगरापलीकडे रक्ताच्या नळ्या हलवतेय.

म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमच्याकडे गाडी असेल, तिची काही कुरकुर असेल, तर या गॅरेजमध्ये घेऊन या. खिशातल्या हाताबद्दल विचारू नका. घाईही करू नका. मोठं काम द्या, दोन्ही हात लागतील असं.